आनेवाडी ते खेड शिवापूर

चि. संदीप,
अनेक आशीर्वाद.

मनीषा आणि स्वरा उद्या दुपारच्या गाडीनं निघतायत. हे पत्र स्वराच्या दप्तरात ठेवून देतो. फोनवर सांगायला गेलं की तू "हो तात्या, हो तात्या" म्हणतोस, मागून तुझ्या कॉम्प्युटरचा टुंग आवाज येतो आणि माझं बोलणं तुटतं. म्हणून लिहितोय. रागावून लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

गौरी जेवणाच्या रात्री तू सव्वादहाला निघालास. पानातली पोळी तशीच राहिली, ते जाऊ दे. माडीवर नेट टिकेना, ऑफिसात जाऊन बसावं लागणार, हे तू समजावून सांगितलंस आणि मला ते पटलंही. मी ३२ वर्षं एसटी चालवली. काम अडलं की जावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण रात्री? एकट्यानं? आणि आदल्या रात्रीही तू दोनपर्यंत जागाच होतास, माडीवरचा दिवा मला खालून दिसत होता.

गाडी घेताना आरसी बुकावर तू माझं नाव घातलंस. शोरूममध्ये चावी माझ्या हातात दिलीस तो फोटो आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलाय. आलंगेलं माणूस विचारतं आणि मी सगळं पहिल्यापासून सांगतो, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत तुझा नंबर लागला तिथपासून. तर गाडी माझ्या नावावर, म्हणून टोल कापल्याचे मेसेज माझ्या फोनवर येतात. तासवडे १०:३४. आनेवाडी ११:३१. तिथून खेड शिवापूर रात्री रस्ता मोकळा असला तर फार तर सव्वा तास. पाऊण वाजला. एक वाजला. दीड वाजला. खेड शिवापूरचा मेसेज आला २:०६ ला.

तोवर मी ओसरीवर बसून होतो. पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस वळण लागतं. तिथं उलटलेल्या गाड्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. फोन करावा तर तू चालवत असशील, न करावा तर जीव राहत नव्हता. आई जागीच होती, पण भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बापूचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही. त्या रात्रीही नाही काढलं.

सकाळी विचारलं तर म्हणालास, शिरवळजवळ गाडी बाजूला घेऊन कॉल घेतला आणि मग जरा डोळा लागला. बाजूला घेतलीस ते चांगलं केलंस. शंभरदा चांगलं केलंस. पण बाजूला घेण्याआधी चालत्या गाडीत किती वेळा डोळा लागला होता? हे विचारायचं नाही असं ठरवून मी लिहायला बसलो होतो.

झोपेचं मला कळतं, म्हणून ऐक. जांभया येतायत तोवर माणूस जागा असतो. जांभया थांबल्या की भीती. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर तू झोपेतच चालवत होतास असं समज. खिडकी उघडून, गाणी मोठी करून काही होत नाही. चहा प्यायला तरी तो अंगात भिनायला अर्धा तास घेतो. ताशी ८० नं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद पापणी मिटली तर ६६ मीटर ती कुणीच चालवत नसतं. उपाय एकच, गाडी उजेडात उभी करायची, काचा थोड्या खाली घ्यायच्या आणि वीस मिनिटं झोपायचं. बापूला मी हे हजारदा सांगितलं होतं.

माझी शाळा सुरू झाली. माफ कर. तू ३६ वर्षांचा आहेस, हाताखाली चौदा माणसं आहेत, हे मी विसरतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी आईलाही माहीत नाही. तू बारावीला होतास. रात्री गावात मुक्कामाला राहिलेली वस्तीची गाडी घेऊन सकाळी परत आलो होतो, दुपारी झोप झाली नव्हती आणि संध्याकाळी ओळखीच्या एकाची जीप घेऊन पाटणचं वऱ्हाड चिपळूणला न्यायला मी तयार झालो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तुझ्या क्लासच्या फीचा शेवटचा हप्ता राहिला होता आणि पाचशे रुपये मिळणार होते. कुंभार्ली घाट उतरताना, पोफळीच्या वर, मला जाग आली ती चाकाखालच्या खडीच्या आवाजानं. डावं चाक रस्ता सोडून गेलं होतं. मागं बायका-पोरं धरून अकरा माणसं झोपलेली. मी गाडी आत घेतली आणि पुढं चालवत राहिलो, कुणाला कळलंसुद्धा नाही. चिपळूणला उतरल्यावर एका बाईनं माझ्या हातात पेढा ठेवला. तो मला गिळवेना. तुझ्यावर ओझं टाकायला हे सांगत नाही. "तात्या, तुमच्या वेळचं वेगळं होतं," असं तू म्हणतोस ना, म्हणून सांगतो. काही वेगळं नव्हतं. मलाही वाटायचं, एवढी एक रात्र निभावली की झालं.

आमच्यासाठी १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांवर काम जायच्या आत अर्धा तास विश्रांती. आणि एक ड्युटी संपली की दुसऱ्या दिवशीची लागेपर्यंत सलग ९ तास मोकळे. लिहिणाऱ्यांना माणूस नीट कळला होता. माणूस आपणहून थांबत नाही. जीपवर बसलो तेव्हा ते ९ तास मीच मोडले. तुला कोण थांबवतं? तिकडं अमेरिकेत सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा आपल्याकडं रात्रीचे आठ, हे मला आता पाठ झालंय. त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा तुझा संपलेला असायला हवा. तो संपतच नाही. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, तेव्हा तू हसून म्हणालास, "तात्या, आमचे तेवढे होतातच." एवढं मोठं काम उभं केलेला माणूस, त्यांच्यापुढं मी काय बोलणार. पण मी सातानं भागून पाहिलं. रविवार धरून रोजचे १०. त्यात हिंजवडीचं ट्रॅफिक घाल, जेवण घाल. मग स्वराला कुठं बसवायची?

तुला आठवतंय का, वस्तीवरून मी अकराला घरी यायचो आणि चादर डोक्यावरून घेऊन पडायचो. आई कुकर लावायची नाही, शिट्टी होते म्हणून. तू आणि ताई दारात कुजबुजत खेळायचात. शेजारची पोरं आली की तू तोंडावर बोट ठेवायचास, "तात्या झोपल्यात." तुमच्या लहानपणी तुम्ही बापाची चादरच जास्त पाहिली.

परवा दुपारी स्वरा आणि तिची आजी गौरीपुढं फुलोरा मांडत होत्या. आजीच्या हातून ताट निसटलं, तर स्वरानं तोंडावर बोट ठेवलं. "शू, बाबांचा कॉल चालू आहे." अगदी तुझ्यासारखं, मान तिरकी करून. मी उठून मागच्या परसात गेलो.

मी निदान वस्तीवरून घरी यायचो, संदीप. तू घरात असून वस्तीला असतोस.

लिहून गेलो, आता खोडत नाही. पण त्यात माझीही चूक आहे. "काम आधी" हे तू माझ्याकडूनच शिकलास. मी अभिमानानं शिकवलं.

सगळंच काही मी घालवलं नाही. गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी असायची. तुमची शाळा सुटली की दोघांना घेऊन प्रीतिसंगमावर जायचो. यशवंतरावांच्या समाधीपाशी हात जोडायचे, घाटावर भेळ खायची, कोयना कुठली आणि कृष्णा कुठली यावर तुमचं भांडण. येताना तू माझ्या खांद्यावर झोपायचास, तिखट हात माझ्या शर्टाला पुसून. एकदा गुरुवारची जादा ड्युटी घेशील का म्हणून विचारणा झाली, पैसे बरे होते, आणि मी नको म्हटलं. म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. तू आठवड्यातली एक संध्याकाळ तशी धर. कुठलाही वार धर, पण मनीषाला सांगून धर, म्हणजे मोडणार नाहीस.

आणि रात्रीचं निघू नकोस. पहाटे चारला उठवीन, मी स्वतः चहा करून देईन.

विसर्जनाला मूर्ती मी धरली, स्वरानं पाट धरला. तू नव्हतास म्हणून ती आरती तुझ्या वाटची मोठ्यानं म्हणाली. मनीषाबरोबर करंज्या आणि मेतकूट दिलंय. तिला विचार ती कशी आहे. मला ती बारीक वाटली.

परवा तू म्हणालास की फास्टॅगला तुमचा नंबर काढून माझा घालतो, मेसेजनं तुमची झोपमोड होते. नंबर राहू दे. खात्यात ३४० रुपये उरलेत, रविवारच्या आत भर.

तुझे,
तात्या