वायफाय काउंटरवर नको, खोलीत हवे

महोदय,

गणपती आटोपले की कोकणातले लॉजवाले, होमस्टेवाले आणि न्याहारी-निवासवाले दिवाळीच्या हंगामासाठी रंगरंगोटी काढतात. त्याच दिवसांत इंटरनेटची वायरिंगही करून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

‘मोफत वायफाय’ ही पाटी आता सगळीकडे दिसते, पण राउटर बसवलेला असतो काउंटरमागच्या फळीवर. मालवण, गुहागर, दापोलीकडची जुनी घरे जांभ्याची. वायफाय मुख्यतः दोन लहरपट्ट्यांवर चालते. चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडेपर्यंत 5 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल संपतो, 2.4 चा कसाबसा पोहोचतो. पावसाळ्यात चिरा पाणी धरतो तेव्हा तोही घटतो. तक्रार आली की मालक 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा करून घेतात. पैसे जातात, खोलीत फरक पडत नाही, कारण अडचण प्लॅनची नसून भिंतीची असते. रिपीटरही कामाचा नाही. स्वतःपर्यंत आलेला कमजोर सिग्नलच तो पुढे देतो आणि त्यात वेग साधारण निम्म्यावर येतो.

खरा उपाय एकच: काउंटरपासून कॅट 6 केबल (नेटची तांब्याची केबल) ओढून दर दोन खोल्यांमागे एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा छोटा डबा) बसवणे. पीओई प्रकारचा स्विच (सगळ्या केबली जोडायचा डबा) घेतला तर त्याच केबलमधून वीजही जाते, वेगळा प्लग लागत नाही. केबलची एक ओढ 100 मीटरच्या आत ठेवावी. शेजारच्या पॉइंटांना 2.4 वर 1, 6 आणि 11 हे चॅनेल आळीपाळीने द्यावेत, नाहीतर ते एकमेकांच्या आड येतात. वाडीतल्या सुट्या कॉटेजपर्यंत मात्र तांब्याची केबल नेऊ नये, फायबर न्यावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज जवळपास पडली की तांब्यातून झटका येऊन दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात.

दुसरे दुखणे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बारा खोल्यांच्या लॉजमध्ये शनिवारी रात्री चाळीसेक फोन, लॅपटॉप जोडलेले असतात. प्रत्येकाला राउटर एक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) देतो. घरगुती राउटरमध्ये हे पत्ते कधी कधी 50 च असतात आणि एकदा दिलेला पत्ता 24 तास अडकून राहतो. शनिवारचे पाहुणे सकाळी निघून गेले तरी त्यांचे पत्ते मोकळे होत नाहीत. रविवारी आलेल्यांच्या फोनवर वायफाय जोडलेले दिसते, पण नेट चालत नाही. राउटर बंद-चालू केला की तेवढ्यापुरते भागते. त्याऐवजी सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपीची (पत्ते वाटणाऱ्या सोयीची) मुदत दोन तासांवर आणावी आणि पत्ते 200 करावेत. पाच मिनिटांचे काम आहे. त्याच बैठकीत पाहुण्यांचे नेटवर्क बिलिंगच्या संगणकापासून आणि सीसीटीव्हीपासून वेगळे करावे, राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा.

विजेचे सांगायला नको. फायबरच्या डब्याला आणि राउटरला 12 व्होल्ट पुरतात, छोटा डीसी यूपीएस त्यांना दोन-तीन तास सांभाळतो. पीओई स्विच इन्व्हर्टरवर घ्यावा. पर्यायी जोडणी घेताना तिची केबल पहिल्या जोडणीच्याच खांबांवरून येत नाही ना, हे पाहावे. फांदी पडली तर दोन्ही एकदम तुटतात. दुसरी जोडणी 4जी किंवा 5जी राउटरची असलेली बरी.

परदेशी पाहुण्यांची अडचण आणखी वेगळी. लॉगिनचा ओटीपी भारतीय मोबाइलवरच जात असेल तर त्यांनी काय करायचे? त्यांचा पासपोर्ट नोंदवलेला असतोच, त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला 24 तासांत ऑनलाइन कळवायची असते. मग खोली क्रमांकानुसार व्हाउचर (लॉगिनचा कोड) द्यावे. कोण कधी जोडले गेले याची नोंदही राहते.

हे चैनीचे मागणे नाही. आज जेवणाचे बिल यूपीआयने, घाट बंद झाल्याची बातमी फोनवर, रेल्वेची प्रतीक्षायादी अ‍ॅपवर. समुद्रकाठच्या कित्येक वाड्यांत मोबाइलला रेंज नसते. तिथे फोनमधले ‘वायफाय कॉलिंग’ चालू केले तर साधा कॉल वायफायवरून लागतो. रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर डॉक्टरला बोलावायचा तोच एक मार्ग उरतो. खोलीत लावलेल्या सूचनांच्या कागदावर ही एक ओळ प्रत्येकाने लिहावी.

पर्यटकांनीही बुकिंग करताना ‘वायफाय आहे का?’ एवढेच विचारू नये. आमच्या खोलीत दार लावून किती वेग येतो, अपलोड किती, वीज गेल्यावर नेट चालते का, हे विचारावे. खोलीत 10 एमबीपीएस मिळाले तरी व्हिडिओ कॉल नीट होतो. पर्यटन विभागाने न्याहारी-निवासची नोंदणी आणि नूतनीकरण करताना काउंटरपासून सर्वांत लांबच्या खोलीत वेग मोजून तो अर्जावर लिहावा, अशी मागणी आहे.

— एक वाचक (हॉटेलांच्या नेटवर्क जोडणीचे काम), कुडाळ