ऐतिहासिक थरारकथांचे पंचांग कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या मराठीत ऐतिहासिक कादंबरी आणि थरारकथा यांची सोयरीक चांगलीच जमली आहे. गडावरचा खजिना, मोडीतले सांकेतिक पत्र, वाड्यातले भुयार, दरबारातला विषप्रयोग अशा सामग्रीवर बेतलेल्या बऱ्याच कादंबऱ्या अलीकडे वाचनात आल्या. त्या वाचवत नाहीत असे मुळीच नाही. काही तर हातातून खाली ठेवता येत नाहीत. नावे घेत नाही, कारण दोष एकट्यादुकट्याचा नाही. तक्रार एवढीच, की इतिहास तिथे नेपथ्यापुरता येतो. अंगरखे, पगड्या, मशाली सगळे जागच्या जागी. पण कथानक चालते आजच्या घड्याळावर आणि आजच्या वेगाने. थरारकथेचा प्राण म्हणजे अडचण: वेळ थोडा, अंतर फार, हत्यार अपुरे. त्या काळाच्या खऱ्या अडचणी लेखकाला फुकट मिळत असताना तो त्या काढून टाकतो, आणि मग उणीव भरून काढायला तळघरात एखादा गुप्त पंथ आणून बसवतो.

तारखांपासूनच पाहा. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला. त्याची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, ज्युलियन गणनेची आहे. पोर्तुगालने नवी ग्रेगोरियन गणना १५८२ सालीच स्वीकारली, इंग्रजांनी मात्र ती सप्टेंबर १७५२ पर्यंत लांबवली. म्हणजे इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता तो दिवस इंग्रजांच्या वहीत ६ जून आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत १६ जून. हा दहा दिवसांचा फरक १७०० नंतर अकरा दिवसांचा झाला. राजापूरच्या वखारीतले पत्र आणि गोव्याहून आलेले पत्र शेजारी ठेवून नायक कट उलगडतो, असा प्रसंग आता नेहमीचा झाला आहे. तिथे २० तारखेचे गोव्याचे पत्र १२ तारखेच्या इंग्रजी पत्राच्या आधी लिहिलेले असते. लेखकाला हे ठाऊक असेल तर एक अख्खे प्रकरण आयते हाती लागते. ठाऊक नसेल तर कट उलटा उभा राहतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. सिंहगड सर झाला ती रात्र आपण ४ फेब्रुवारी १६७० म्हणतो, पण वखारीतला कारकून तेव्हा अजून १६६९च लिहीत होता.

मराठी दफ्तरात याहून मौज आहे. पत्रावर शुहूर सन, म्हणजे दफ्तरी कामातली एक जुनी वर्षगणना, अरबी शब्दांत येतो. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, सुरू होते, म्हणून जून ते डिसेंबरच्या पत्रासाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या पत्रासाठी ६००. त्याच पत्रावर 'छ' लिहून हिजरी महिन्याची तारीख असते. ती सूर्यास्ताला बदलते, तिथी सूर्योदयाची धरतात आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री पालटते. रात्री झालेल्या एकाच खुनाला तीन कागदांत वेगवेगळ्या तारखा पडू शकतात. खोट्या आरोपात अडकलेल्या एखाद्या फडावरच्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, कारकुनाला वाचवायला एवढे पुरेसे आहे. अजून कुणा लेखकाने हे वापरलेले दिसले नाही, याचे नवल वाटते.

चंद्राची गोष्ट तर कुणीही घरबसल्या पडताळून पाहावी. सोपा हिशेब असा, की शुद्ध पक्षात तिथीगणिक चंद्र सुमारे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, उशिरा मावळतो आणि वद्य पक्षात तेवढाच उशिरा उगवतो. शाएस्तेखानावरचा छापा चैत्र शुद्ध अष्टमीचा (५ एप्रिल १६६३). त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळणार आणि पुढे सूर्योदयापर्यंत काळोख. त्यातून रमजानचा महिना. सिंहगडची माघ वद्य नवमी. चंद्र उगवणार तो मध्यरात्र उलटल्यावरच. पन्हाळ्याहून निसटण्याची रात्र मात्र आषाढी पौर्णिमेची, म्हणजे ढग फाटले की घात. या तिन्ही रात्रींत किती फरक आहे! कादंबऱ्यांत मात्र सगळ्या मोहिमा एकाच ठोकळेबाज 'पिठूर चांदण्यात' किंवा 'मिट्ट काळोखात' होतात, आणि तिथी दिलेली असली तर ती बहुधा मुखपृष्ठाच्या मागच्या मजकुरात. खऱ्यांची शिवकालीन जंत्री (तिथी-तारखांचे कोष्टक) आणि त्यापुढच्या काळासाठी मोडकांची जंत्री ग्रंथालयात मिळते. पानभर आकडे पाहायचा कंटाळा नसावा, इतकेच.

अंतराचे गणित याहून बिघडलेले असते. दुपारी पुण्यातून सुटलेला स्वार दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपुरात आणि वाटेत घोडा बदलल्याचा उल्लेखसुद्धा नाही! भरधाव सुटलेला घोडा कोस-दोन कोसांत फेसाळतो. एकाच घोड्यावर रोजची मजल दहा-पंधरा कोसांची, तीही वैरण-पाणी मिळाले तर. बातमी पोचवण्याचे काम बहुतेक वेळा पायी धावणारे जासूद आणि कासीद करीत, नाहीतर सांडणीस्वार, म्हणजे उंटावरचे स्वार. जासूद जोडीने पाठवायचे, कारण एक आजारी पडला किंवा मारला गेला तर दुसऱ्याने पुढे जायचे. कासिदाशी अजुरा, म्हणजे मजुरी, ठरवताना दिवसांची बोलीही होई. पानिपतानंतर सावकारांच्या कासिदाने नवव्या दिवशी औरंगाबाद गाठण्याचे कबूल केले होते, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवले आहे. त्याच्याजवळचे पत्र वाटेत नर्मदेच्या परिसरात पेशव्यांच्या हाती पडले. मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही, हा त्यातला सांकेतिक मजकूर शाळकरी मुलांनाही पाठ असतो. पण त्यातले खरे थरारक कलम कुणी उचलत नाही: राज्याच्या धन्याला आपल्या सैन्याचा नाश कळला तो सावकाराच्या खाजगी टपालातून, कारण पैशाची बातमी फौजेच्या बातमीपेक्षा जलद धावत होती.

आग्र्याहून सुटकेचेही तसेच. निघण्याची तारीख १७ ऑगस्ट १६६६. राजगडी पोचण्याच्या तारखा मात्र दोन सांगितल्या जातात, एक १२ सप्टेंबरची आणि दुसरी जेधे शकावलीतली (जेधे घराण्याच्या तिथीवार नोंदींतली) मार्गशीर्ष शुद्ध पंचमीची, म्हणजे नोव्हेंबरातली. दोन्ही ठिकाणांमधले अंतर सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटरांच्या वर भरते. पहिली तारीख धरली तर भर पावसात, नद्यांना पूर असताना, रोज चाळीस किलोमीटरांहून जास्त चाल पडते. दुसरी धरली तर तीन महिने कुठे आणि कुणाच्या आसऱ्याने काढले, हा प्रश्न उरतो. दोन्हींत उत्तम कादंबरी आहे. दोन्ही मिसळून मधलीच एखादी 'सोयीची' तारीख घेतली की दोन्ही कादंबऱ्या हातच्या जातात.

हत्यारांबद्दल थोडक्यात. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, बंदुकीत आधी दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचे, कान्यापाशी (बत्तीच्या छिद्रापाशी) रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घालायची, तोडा फुंकून निखारा जागवायचा आणि मग चाप दाबायचा. सराईत माणसालाही मिनिटाला एखाद-दुसराच बार जमतो. पावसाची सर आली की रंजक ओली. अंधारात पेटता तोडा दुरून दिसतो आणि वाऱ्याच्या दिशेने त्याचा वासही येतो, म्हणून दबा धरून बसलेला बंदूकवाला लपून राहत नाही. आमच्या नव्या नायकांच्या ठासणीच्या बंदुकीतून मात्र लागोपाठ गोळ्या सुटतात. पहिला बार फुकट गेला आणि समोरच्याला तेवढ्या अवधीत वीस पावले धावून यायचे आहे, यापेक्षा मोठा प्रसंग काय हवा?

विषाचा भाग सविस्तर लिहायला हवा, कारण चुका तिथेच जास्त आहेत. पेला ओठाला लावला आणि माणूस कोसळला, असे सोमलाने (आर्सेनिकने) होत नाही. सोमल चढायला वेळ लागतो. आधी ओकाऱ्या, मग जुलाब, पायांत गोळे, अंग गार पडणे. मृत्यू काही तासांनी किंवा काही दिवसांनी. ही सगळी लक्षणे पटकीची, म्हणूनच पटकीच्या साथीत सोमल पचून जाई. रसायनशाळेत सोमल ओळखण्याची भरवशाची मार्श कसोटी १८३६ सालची. त्याआधीच्या काळातल्या वैद्याने 'हा सोमलच' असे छातीठोकपणे सांगणे कठीण. आणि हिरकणी! हिऱ्याची पूड पोटात गेली की आतडी चिरली जातात हा समज आपल्या कादंबऱ्यांतून हलायला तयार नाही. हिरा शरीरात विरघळत नाही आणि विषासारखे काही करतही नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र असलेला खराखुरा खटला आपल्या शेजारी, बडोद्याला झाला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी रेसिडेंट, म्हणजे दरबारातले ब्रिटिश प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी फिरून आल्यावर पपनसाच्या रसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांत बरे वाटेना म्हणून उरलेले फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो तपासला गेला; सोमल निघाला आणि सोबत हिऱ्याची पूड असल्याचे सांगितले गेले. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीतल्या एका हवालदाराच्या पट्ट्यात पुडी सापडली. महाराज मल्हारराव गायकवाडांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत नेमके तिथेच बोट ठेवले: ही पुडी सापडली की सापडवली? सहा जणांच्या कमिशनमध्ये तीन इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले, तर शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांनी आरोप सिद्ध झाला नाही असे म्हटले. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून दूर केले गेले. गाळ, पट्टा, पुडी, फुटलेले पंच आणि निकाल लागण्याआधीच ठरल्यासारखी वाटणारी शिक्षा. यात पदरचे काय घालायचे?

नारायणराव पेशव्यांच्या खुनावरही हल्ली बरेच लिहिले जाते आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो मशालींच्या उजेडात होतो. तो झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सोमवारी, भर दुपारी, गणेशोत्सवाच्या दिवसांत. त्याच सकाळी दगाफटक्याची कुणकुण लागली होती, नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले आणि हरिपंतांनी ते तातडीचे मानले नाही, असे इतिहासकार सांगतात. इशारा मिळालेला, माणूस नेमलेला, वाड्याला पाच दरवाजे, पहाऱ्यावरच्या गारद्यांचा (भाडोत्री शिपायांचा) पगार थकलेला आणि सूर्य डोक्यावर. 'ध'चा 'मा' ही लोककथा आहे आणि ती राहू द्यावी, पण तिच्यापायी ही दुपार वाया जाते. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द राघोबादादांना दोषी ठरवले. न्यायाधीशच तपासी अंमलदार आणि आरोपी राज्याचा धनी, अशी मांडणी आजच्या कुठल्याही पोलिसी कादंबरीला सहसा साधत नाही.

बनावट पत्रांबद्दल एक सूचना. सनद बनवायला नुसते अक्षराचे वळण उचलून भागत नाही. शिवकालीन पत्राला माथ्यावर मुद्रा, शेवटी 'मर्यादेयं विराजते'चे मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, पाठीवर 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे लागतात. म्हणजे खलनायकाला चिटणिसाबरोबर मोर्तब सांभाळणारा आणि बारनिशी, म्हणजे पत्रांची नोंदवही, लिहिणाराही फोडावा लागतो, आणि कट जितक्या हातांतून जातो तितका फुटण्याचा संभव वाढतो. काजळाची शाई डिंकात कालवलेली असते. कागद भिजला की अक्षर पसरते, म्हणून नदी पोहून आलेल्या जासुदाच्या पागोट्यातले पत्र जसेच्या तसे वाचता येणार नाही, मेणकापडात बांधलेले असेल तरच. आणि आजचा नायक भुयारात मोबाइलच्या उजेडात मोडी घडाघडा वाचतो, त्यालाही जरा आवर घालावा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. सरावलेला वाचकही अनोळखी हाताच्या कागदावर अडखळतो.

बारीकसारीक चुका ओळीने सांगतो. १८२७ च्या आधी कुणी काडी ओढून मशाल पेटवू नये. चकमक आणि कापूस वापरावा. डायनामाइट १८६७ चा. बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्यात १८९७ साली निघाले, तेव्हा १८७५ च्या मुंबईतल्या फौजदाराने पेल्यावरचे ठसे जुळवू नयेत. शिवकालीन मुदपाकखान्यात टोमॅटो नको. मावळ्याने 'पाच मिनिटांत येतो' म्हणू नये.

प्रकाशकांना एवढे करता येईल: कादंबरीच्या शेवटी दोन पाने द्यावीत, एका पानावर प्रसंगांच्या तिथ्या आणि तारखा कोणत्या गणनेने घेतल्या ते, आणि दुसऱ्यावर कोसांतली अंतरे घातलेला साधा नकाशा. लेखकाने मुद्दाम बदललेल्या गोष्टीही तिथेच सांगाव्यात; बदलण्याचा त्याचा हक्क कुणी नाकारत नाही. आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा पुस्तकांची परीक्षणे येतात. परीक्षकांनी भाषेच्या ओघवतेपणाची तारीफ जरूर करावी, पण निदान एका रात्रीचा चंद्र आणि एका स्वाराची मजल पडताळून पाहावी आणि ती जुळली की नाही ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा