आज टाकी आहे

सांगली,
रविवार, दुपार

चि. बायडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. गेल्या रविवारी मी फोन आदळला, त्यानंतर तू तीनदा केलास आणि मी उचलला नाही. रागानं नाही असं लिहिणार होते, पण रागच होता. मंगळवारपर्यंत होता. फोनवर मी एकतर रडते नाहीतर ओरडते, मधलं काही जमत नाही, म्हणून वहीतली पानं फाडून लिहायला बसले. गिरणीच्या उधारीच्याच वहीतली, मागची कोरी. पोस्टातल्या काकूंना सांगू नकोस, त्या वहीचं पान फाडलेलं त्यांना चालत नाही.

झालं असं की काकांनी त्यांच्या थोरल्याच्या गाडीच्या कर्जाला तू जामीन राहावंस म्हणून माझा शब्द घेतला होता. मी तुला न विचारताच म्हणाले, ती कशाला नाही म्हणतेय. आणि तू म्हणालीस, "आई, मी सही करणार नाही. आणि यापुढं महिन्याला पाच हजार पाठवीन, सात जमणार नाहीत." आवाज चढवला नाहीस, कारणं देत बसली नाहीस, रडलीही नाहीस. तेच मला जास्त लागलं. भांडली असतीस तर मला जिंकता तरी आलं असतं. "पुण्याचं वारं लागलं हिला," असं मी समोरच्या वहिनींजवळ बोललेसुद्धा. हेही तुला कळलेलं बरं.

रात्री झोप लागेना. मग मंगळवारी उधारीचा हिशेब काढायला जुनी वही उघडली, २०२२ ची, तर तिच्यात पावतीबुकातला एक कागद घडी घालून ठेवलेला. त्यावर भाकरीएवढा गोल, आणि भाकरी मोडावी तसे त्याचे तुकडे केलेले. तुझं बारीक अक्षर. पप्पा कोरोनात गेले, त्याच्या कारणांची वाटणी. एका तुकड्यात "पप्पांची शुगर". एकात "ताप तीन दिवस लपवला". एकात "बेड शोधण्यात रात्र गेली". मोठ्या तुकड्यात "आजारच तसा होता". "गिऱ्हाईकं मास्क लावत नव्हती." "हप्ते होते, गिरणी बंद ठेवणं परवडत नव्हतं." आणि शेवटी सुरीच्या पात्याएवढी एक फट, तिच्यात "मी".

सगळा गोल दोनदा शोधला. माझं नाव कुठंच नव्हतं.

बायडे, पप्पांच्या तेराव्याला मी तुला काय म्हणाले होते ते तुला आठवतं. मलाही आठवतं. चार वर्षं दोघी जणू ते झालंच नाही अशा वागलो. मी म्हणाले होते, "चटणीचा हंगाम सोडायचा नाही हा हट्ट तुझाच होता." घरात पाहुणे होते, आत्या होती, सगळ्यांनी ऐकलं. तू ताट उचलून आत गेलीस.

हट्ट तुझा नव्हता. एप्रिल-मे सोडला तर कांडपाला वर्षभर कोण विचारतंय? २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फुटांना धोका पातळी म्हणतात, त्याच्याही वर एक घर बुडेल एवढं पाणी. आपण विश्रामबागेत मावशीकडं होतो, आणि परत आलो तेव्हा डब्यांतल्या गव्हाला मोड येऊन झाकणं वर आलेली. मोटरमध्ये गाळ. पप्पांनी वाइंडिंग करून घेतलं, पट्टा नवा घातला, त्यासाठी गटाचं कर्ज काढलं, आठवड्याचा हप्ता. ते फिटायच्या आत लॉकडाऊन लागला. एकविसात पुन्हा लाट आली तेव्हा पिठाची गिरणी अत्यावश्यक म्हणून चालू ठेवता येत होती, आणि ती ठेवा असं घरात सगळ्यांत आधी मीच म्हणाले होते. तू फक्त काउंटरला उभी राहिलीस. लोकांचे मिरच्यांचे डबे घेतलेस, अठरा वर्षांची पोर, बारावीची परीक्षा रद्द झाल्याची बातमी तिथंच मोबाइलवर वाचलीस.

पुढं जुलैत नदी परत आली. त्या पुराचं मला फार आठवत नाही. पप्पा नसताना आलेला पूर एवढंच आठवतं, आणि तू एकटीनं मोटर खोलून माळ्यावर चढवून घेतलीस ते.

त्यानंतर जो तो तुला खंबीर म्हणायला लागला. मीही. वाघीण म्हणायचे मी तुला, आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. आणि तू पहाटे तीनला उठून स्टार्टरची बटणं तपासत होतीस, मूठ-मूठ केस गळत होते, ते मी पाण्याच्या बदलावर ढकलत होते. कॉलेजात तू चक्कर येऊन पडलीस तेव्हा तुझ्या बाईंनी मला बोलावून समुपदेशनाचं नाव काढलं. मी त्यांना सुनावलं, आमच्यात कोणी वेडं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "वेडी नाहीच, दमलीय." मला तेव्हा तो शब्द फार हलका वाटला. दमायचं तर मी.

तरी तू समुपदेशनाला गेलीस. दर गुरुवारी गिरणीला पाटी, "आज टाकी आहे, गिरणी बंद". दर आठवड्याला दगडाला टाकी लावणारी, छिन्नीनं खाचा पाडणारी, अख्ख्या सांगलीत आपलीच गिरणी असेल. एक आजोबा मला म्हणाले होते, असं ठोकत बसलात तर दगड उरायचा नाही. तुला सांगितलं तर तू किती हसलीस. पप्पा गेल्यावर पहिल्यांदा हसलीस ती.

टाकी लावल्यावर पहिलं दळण कचकचतं हे तुला सांगायला नको. कुणाच्या घरी ते पीठ देत नाही आपण, आधी भरडा काढून टाकतो. तुझंही तसंच झालं होतं. पहिले दोन-तीन महिने तू माझ्यावर केवढी चिडायचीस! साधं चहा ठेव म्हटलं तरी. मला वाटायचं, त्या समुपदेशनाच्या मॅडम पोरीला घराविरुद्ध शिकवतायत. एक दिवस तावातावानं जाबच विचारायला गेले. त्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या हवाई बेटांत कौआई नावाचं बेट आहे. तिथं १९५५ साली जन्मलेल्या जवळजवळ सातशे मुलांवर शास्त्रज्ञांनी पुढं चाळीस वर्षं लक्ष ठेवलं. त्यातली जी मुलं गरिबीत, भांडणांच्या, आजारपणाच्या घरांत वाढली, त्यांतली तिसरा हिस्सा तरी चांगली उभी राहिली. कशानं, तर बाकी काही कारणं होतीच, पण बहुतेकांना निदान एक मोठं माणूस असं मिळालं होतं, जे त्यांना धरून राहिलं. आई, आजी, शिक्षक, कोणीही.

आई असलीच पाहिजे असं नाही, हे मला झोंबलं. कारण तुझं ते माणूस मी नव्हते. पोस्टातल्या काकू होत्या.

काकूंचा मला हेवा वाटायचा, आज लिहून टाकते. भाजणी दळायला आल्या आणि तुझ्याशी बोलत उभ्या राहिल्या, तिथून सुरुवात. मी वाट बघत होते, या बाईंना पेन्शन आहे, मूलबाळ नाही, करतील काही मदत. त्यांनी एक रुपया दिला नाही. दर शनिवारी उधारीची वही घेऊन ये म्हणाल्या. कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, लाल आणि निळ्या पेनानं. पप्पांचे ५० हजार सानुग्रह मिळायचे होते त्या अर्जाला तीनदा त्रुटी निघाली, त्या तुझ्याबरोबर आल्या नाहीत. कागद कसे लावायचे ते शिकवलं आणि म्हणाल्या, तूच जा. मला तो कठोरपणा वाटला होता. चौथ्यांदा तू एकटी गेलीस आणि काम करून आलीस, येताना दोन वडापाव आणलेस. पोस्टात आरडीही त्यांनीच उघडायला लावली, महिन्याला शंभरची. पाच वर्षांची आहे, पुढच्या वर्षी सुटेल. शंभरनं काय होतंय असं मी म्हणाले होते. आता ते पुस्तक मीच देवघरात ठेवते.

आणि बघ, पैसे न देणारी बाई तुला चालली, तुझ्या जिवाला आधार वाटली. तूच दोन हजार कमी म्हणालीस तर मी फोन आदळला.

काकांना मी काल सांगितलं. तुझं नाव पुढं न करता सांगितलं, मी शब्द द्यायला नको होता, माझं चुकलं. ते दोन दिवस बोलणार नाहीत, मग शनिवारी दळण घेऊन येतीलच, त्यांना दुसरी गिरणी लांब पडते.

तेराव्याच्या बोलण्याचंही चुकलं. त्याचं चुकलं एवढंच लिहून भागत नाही हे मला कळतं, पण यापेक्षा मोठा शब्द मला येत नाही. तू इथं असतीस तर पाठीवरून हात फिरवला असता. त्या गोलात तू माझ्यासाठी तुकडा ठेवला नाहीस. ठेवायला हवा होतास.

आणखी एक. मागच्या रविवारी रात्री मी त्या नंबरवर फोन केला, १४४१६, मनाच्या त्रासासाठी सरकारचा आहे तो. दोन वर्षांपूर्वी तूच लिहून मीटरच्या पेटीवर चिकटवला होतास, मी त्यावर पंचांगाची तारीख लावून झाकला होता. फुकट असतो, रात्रीही उचलतात. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. "बोला ताई," एवढंच म्हणाली आणि मी पंधरा-वीस मिनिटं नुसती रडले, तिनं ठेवला नाही. शेवटी म्हणाली, सिव्हिलला मनोविकारची ओपीडी असते, एकदा समोर बसून बोला. बुधवारी गेले. रांग होती. शेजारी तासगावकडची एक बाई होती, द्राक्षबाग गेलेली, नवऱ्याला घेऊन आलेली. आम्ही पावसाविषयी बोललो. आत काय झालं ते तू आलीस की सांगेन, काही पत्रात मावत नाही. परत पंधरा दिवसांनी बोलावलंय.

पाऊस लागलाय. कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की माझा हात आपोआप मोटरच्या नटाकडं जातो, पण यंदा माळ्यावर चढवायला समोरच्या वहिनींचा मुलगा आहे, त्याला सांगून ठेवलंय. तू निघून येऊ नकोस. तुझी ऑफिसची परीक्षा आहे ती दे. भडंग पाठवतेय, शेंगदाणे वेगळे बांधलेत, नाहीतर तू वरचे तेवढे वेचून खातेस आणि मैत्रिणींना नुसते चुरमुरे.

बुधवारी जाताना पाटी लावली होती. वहिनी दारातून म्हणाल्या, "अगं, परवाच तर झाली टाकी."

मी म्हटलं, "ती दगडाची."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी डबा न्यायला आल्या, पैसे दिले, डबा कमरेवर घेतला, पायरी उतरल्या आणि परत वर आल्या. म्हणाल्या, "केसपेपर कितीला असतो गं?"

तुझी,
आई