अ‍ॅन्युरिझमच्या उपचारांना एकच मोजपट्टी लावा : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आहे. मुंबई-पुण्यात मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझमवर उपचार झालेले रुग्ण पुढच्या तपासणीसाठी माझ्याकडे एमआरआयला येतात. रक्तवाहिनीला आलेला हा फुगा कॉइलने, म्हणजे धातूच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांनी, भरलेला असतो, किंवा त्याच्या तोंडावरून फ्लो डायव्हर्टर ही बारीक विणीची जाळी बसवलेली असते. फुग्यात अजून रक्त जाते का आणि मागच्या वेळेपेक्षा जास्त की कमी, एवढे मला सांगायचे असते. पण डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा ‘गुड रिझल्ट’ इतकेच लिहिलेले असते. उपकरण कोणते, किती मापाचे, शेवटच्या अँजिओग्राफीत फुग्याच्या मानेशी (तो वाहिनीला जोडलेला असतो तिथे) काही उरले होते का, याचा पत्ता नसतो. मग तुलना करायची कशाशी?

मोजायच्या पद्धती आहेत. कॉइलसाठी रेमंड-रॉय वर्गवारी २००१ पासून वापरात आहे : पूर्ण बंद, मान उरलेली, फुगा उरलेला. फ्लो डायव्हर्टरला ती नीट लागू पडत नाही. जाळी बसवली त्या दिवशी फुग्यात बहुधा रक्त भरतेच, तो बंद व्हायला महिने लागतात. म्हणून २०१० मध्ये ओ’केली-मरोटा मापन आले. फुगा किती भरतो आणि आत गेलेला डाय (अँजिओग्राफीसाठी रक्तात सोडलेले द्रव्य) किती वेळ रेंगाळतो, या दोन्हींची त्यात नोंद होते.

व्याख्येने किती फरक पडतो ते पाहा. ‘वेब’ या फुग्याच्या आत बसवायच्या जाळीदार उपकरणाच्या, मुख्यतः अमेरिकेत झालेल्या वेब-आयटी चाचणीत वर्षभरानंतर पूर्ण बंद झालेले अ‍ॅन्युरिझम ५३.८ टक्के होते, ‘पुरेसे बंद’ ८४.६ टक्के. रुग्ण तेच, फोटो तेच. मान उरलेल्यांना यशात धरले की आकडा वर जातो. तिथे व्याख्या आधी ठरलेली होती आणि फोटो उपचार करणाऱ्यांनी नव्हे, तर स्वतंत्र कोअर लॅबने वाचले, म्हणून दोन्ही आकडे उघड झाले. आपल्याकडे कोणी ‘८५ टक्के यश’ सांगितले, तर ते यातले कोणते? ज्याने उपकरण बसवले त्यानेच निकाल वाचला की नजर नकळत उदार होते. प्रामाणिक माणसाचीही होते.

तपासणी कोणती, हेही ठरायला हवे. जाळीच्या धातूमुळे एमआर अँजिओग्राफीत उघडी वाहिनीसुद्धा अरुंद दिसू शकते. कॉइलमुळे सीटीवर पट्टे उमटतात. डीएसए, म्हणजे कॅथेटरने डाय सोडून केलेली अँजिओग्राफी, सर्वांत खात्रीची, पण तिच्यात कॅथेटर घालावा लागतो, खर्च येतो आणि थोडा का होईना धोका असतो. गरीब रुग्ण ती टाळतो, त्याला दोष कसा द्यावा?

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आपल्या मंत्रालयाचेच आहेत. या उपकरणांच्या परवान्याच्या अटींत ठरावीक मापन, ठरावीक मुदतीची तपासणी आणि स्वतंत्र वाचन यावे. आयुष्मान भारतमधून कॉइलिंगचे पैसे दिले जातात. त्या दाव्यासोबत एक पानाचा ठरलेला नमुना आणि शेवटचे अँजिओग्राफीचे फोटो मागा, आणि त्याची प्रत सीडीसह रुग्णाच्या हाती द्या. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या, २०१५ मध्ये सुरू झालेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात, रक्तस्राव न होता पुन्हा उघडलेला अ‍ॅन्युरिझमही नोंदवायला सांगा. नमुना ठरवण्यासाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि बंगळुरूच्या निम्हान्समधल्या तज्ज्ञांना बोलवा. आणि त्या बैठकीत जिल्ह्याच्या ठिकाणी हे स्कॅन वाचणाराही कोणी असू द्या.

आपला विश्वासू,
एक रेडिओलॉजिस्ट