रॅलीतली नको, रस्त्यावरची दाखव

माटुंगा, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझे जर्मनीतले फोटो मिळाले. बीटल, ती फिकट निळी ओपेल, दोन मर्सिडीज, आणि प्रत्येकीच्या नंबराच्या शेवटी तो ‘एच’. गाडीला तीस वर्षं झाली, मूळ रूप शाबूत असलं की तपासणी करून हा एच मिळतो, वर्षाला १९२ युरोंच्या आसपास ठोक कर भरायचा, आणि मग तीच गाडी घेऊन माणूस ऑफिसला जातो, येताना पाव-अंडी घेऊन येतो, असं तू लिहिलंस. जळलो रे. गाड्यांवर नाही, पाव-अंड्यांवर जळलो.

इकडचा नियम सांगतो, म्हणजे कळेल. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी काढली. पन्नास वर्षांहून जुनी, फार फेरफार न केलेली गाडी हवी. वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी पाच हजार. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ऐकायला छान आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही! प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे आजोबांची फियाट जिवापाड सांभाळलीस, तिला मानाची पाटी मिळाली, की त्या दिवसापासून तिने मंडईत जाणं बंद. याला मान म्हणायचं की सक्तीची निवृत्ती, तूच सांग. माझ्या ओळखीतले गाडीवाले साध्या नोंदणीवरच खूश आहेत. दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस घ्यायचा, पर्यावरण कर भरायचा, पण निदान सासुरवाडीला तरी नेता येते.

हॉर्निमन सर्कलला रॅली भरते तेव्हा मी जातो, नाही असं नाही. रोल्स-रॉइस, पॅकार्ड, संस्थानिकांच्या गाड्या, क्रोम असं लखलखीत की डोळे दिपतात. पण ट्रेलरवरून आणलेली गाडी बघण्यात आणि सायनच्या सिग्नलला शेजारी अचानक जुनी फियाट येऊन थांबण्यात फरक आहे. त्या दुसरीची वाट पाहायची सोय नसते. ती दिसते, सिग्नल सुटतो, संपलं.

तुला प्रश्न पडला होता की तिकडे इतके प्रकार, मग आपल्याकडे फिरून फिरून अॅम्बेसेडर आणि फियाटच का. एके काळी इथेही प्रकार होते. जनरल मोटर्सचा जुळणीचा, म्हणजे बाहेरून आलेले भाग जोडायचा, कारखाना १९२८ पासून आपल्या शिवडीला होता. फोर्डही होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने सांगितलं की गाडी इथेच टप्प्याटप्प्याने बनवणार असाल तर राहा, नुसती जुळणी करणार असाल तर निघा. दोघींनी गाशा गुंडाळला. उरल्या अॅम्बेसेडरवाली उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि फियाट बनवणारी वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत आपल्या कारच्या जगाची हद्द जवळपास इथेच संपत होती.

त्यामुळे आपला खेळच वेगळा. तिकडे ‘ही कुठली गाडी’ असं विचारतात, इकडे ‘ही कुठल्या सालची’. अॅम्बेसेडरच्या पुढच्या जाळीवर नजर ठेवायची. बारीक चौकड्यांची जाळी असेल तर मार्क टू, म्हणजे १९६३ नंतरची. जाळी छोटी आणि बाजूला चौकोनी दिवे आले की मार्क फोर, १९७९ नंतरची. फियाटचं मात्र मागून बघावं. पाठ गोल गुबगुबीत असेल आणि पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला असतील, तर ती १९५४ ची डुक्कर फियाट. अशी दिसली तर कामं टाकून मागे जायचं. मागे पंख फुटलेले दिसले तर १९५८ नंतरची. १९६४ ला डिलाइट आली, मध्ये काही काळ तिचं नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ पासून पद्मिनी. पाट्या बदलल्या, पण १०८९ सीसीचं इंजिन तेच राहिलं. नंबर एमआर किंवा एमएमने सुरू होणारा असेल तर आणखी सोपं. एमएच आणि मग आकडे ही पद्धत १९८९ ची, त्यामुळे जुनी अक्षरं दिसली की निदान त्याआधीची हे नक्की.

काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं तू विचारलंस. गेली रे ती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही नाही. दीड महिना आधीच बेस्टची जुनी डबलडेकर गेली होती. त्या पावसाळ्यानंतर शहर एकदम सपाट वाटायला लागलं. वर्तमानपत्रांतून मनसोक्त रडारड झाली, मीही त्यात होतोच. मग दादर स्टेशनबाहेर एका जुन्या टॅक्सीवाल्याजवळ विषय काढला. तो म्हणाला, साहेब, पॉवर स्टिअरिंग नाही, मे महिन्यात इंजिनाची धग पायांवर, हँडगिअर मारून मारून डावा खांदा गेला, आता वॅगन-आरमध्ये निदान एसी तरी आहे. काय बोलणार? हळवे झालो ते आपण, मागच्या सीटवर बसणारे.

खाजगी पद्मिन्या मात्र आहेत. दादर पारशी कॉलनीत फिर कधी, कव्हराखालचा आकार बघूनच कळतं. तुला आठवत असेल, जुनी गाडी विकायच्या जाहिरातीत ‘पारशी मालक’ असं लिहिलं की भाव वाढायचा. रविवारी सकाळी नऊच्या आत फिरलं तर कव्हरं निघालेली सापडतात, एक जण पुसतो, दुसरा उगाच रेस देत बसतो. नऊनंतर पार्किंग जाईल या भीतीने कोणी गाडी हलवत नाही.

पण मला आवडलेली गाडी सांगतो. माटुंगा मार्केटजवळ, फुलवाल्यांच्या रांगेसमोर, क्रीम रंगाची पद्मिनी उभी. कॅरिअरवर केळीचे खांब आडवे बांधलेले, डिकीत हारांच्या टोपल्या, डिकीचं झाकण सुतळीने आवळलेलं. लग्नाच्या मांडवाची सजावट करणाऱ्याची गाडी. पत्रा दोन ठिकाणी पुटीने भरलेला, मागच्या मडगार्डचा रंग किंचित वेगळा. रॅलीत हिला कोणी दारातही उभं केलं नसतं. मी घुटमळतोय बघून मालकाने आपणहून बॉनेट उघडलं. सोलेक्सचा कार्बोरेटर, त्याचे जेट तो स्वतः साफ करतो. इग्निशनचे पॉइंट घासून लावतो. सकाळी चोक ओढून दोन मिनिटं चालू ठेवली की दिवसभर तक्रार नाही. सुटे भाग कुठून आणता विचारलं, तर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून. म्हणजे ज्या कुर्ल्यात या गाड्या बनल्या तिथेच त्यांचे भाग आता किलोवर मिळतात. नवीन टेम्पो का घेत नाही, असं विचारल्यावर म्हणाला, टेम्पोला या गल्लीत थांबू देत नाहीत, हिच्याकडे बघून पोलीससुद्धा हसतो आणि सोडतो. एवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले आणि खांब हलवत गाडी निघाली.

पुण्याला गेलो की माझी नजर हेराल्डवर असते. स्टँडर्ड हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, इंजिन अख्खं उघडं पडतं, मेकॅनिक पुढच्या चाकावर टेकून काम करू शकतो. आणि वळते किती कमी जागेत! सदाशिव पेठेत एकीला बोळाच्या तोंडाशी एका दमात वळताना पाहिलं, तिच्या मागच्या एसयूव्हीला तीनदा मागेपुढे करावं लागलं. बघून उगाचच समाधान वाटलं. कराडकडे वडापच्या, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या, जुन्या जीपगाड्या अजून दिसतात, पण बहुतेकींचं आत सगळं बदललेलं, बाहेर फक्त नाक शिल्लक. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन विलीज जीपची जुळणी केली, त्यातली अस्सल एक गाठायची राहिली आहे.

आता तुझं काम. तू हॅम्बुर्गच्या हार्बुर्गमध्ये राहतोस आणि अजून मला तिथला टेम्पो दाखवला नाहीस, हे बरोबर नाही. आपल्या बजाज टेम्पोचं मूळ तिथलंच. बजाज टेम्पोच्या फिरोदियांनी १९५८ मध्ये टेम्पो बनवणाऱ्या ज्या विडाल अँड झोन कंपनीशी करार केला, तिचा कारखाना तुझ्याच हार्बुर्गला होता. तीन चाकांचा हॅन्सिअॅट तिथून इथे आला, पुढे मॅटाडोरही. आपल्या गावी ज्या मॅटाडोरमध्ये उसाच्या कांड्या चोखत बाजाराला जायचो, तिची थोरली बहीण तिथे एच लावून फिरत असणार. ट्रेलरवरची, म्युझियममधली फोटोत धरणार नाही. रस्त्यावरची हवी, शक्यतो काहीतरी लादलेली, आणि मालकाला विचारून ठेव की पावसात वायपर चालतात का.

डिसेंबरात येशील तेव्हा बुधवार किंवा रविवार पुण्यासाठी मोकळा ठेव. जुना बाजार त्याच दिवशी भरतो आणि त्या मांडववाल्याला डाव्या बाजूच्या टेललाइटची काच हवी आहे. मी शब्द दिलाय. काच मूळची हवी, प्लॅस्टिकची नकली नको असं त्याने बजावलंय, आणि अस्सल-नकली ओळखण्यात तू माझ्यापेक्षा बरा आहेस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिन्या