रुपया पडला की सगळ्याच एनआरआयची चांदी होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर २०२५ मध्ये रुपया डॉलरला नव्वदच्या पुढे गेला तेव्हा पेपरात, चॅनलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे एकच सूर होता, अनिवासी भारतीयांची चांदी, पैसे पाठवायची हीच वेळ वगैरे. ते वाचून साताऱ्याहून आईचा फोन, "अरे नव्वद झाला म्हणे, आता पाठवून टाक आणि त्या फ्लॅटचं लोन मिटव एकदाचं." आता तिला काय सांगू, मी टोकियोत राहतो, पगार येनमध्ये होतो आणि डॉलर शेवटचा कधी हातात धरला होता तेही आठवत नाही.

दुबईवाल्यांच्या बाबतीत तुमची बातमी बरोबर आहे, ते मान्य. दिरहाम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ला, त्यामुळे रत्नागिरी-रायगडची जी मंडळी आखातात आहेत त्यांच्या घरी रुपया पडला की जास्त पैसे पोचतात, सरळ हिशोब. (त्यांची तिकडची भाडी आणि शाळांच्या फिया वाढतात ते कोणी लिहीत नाही, पण असो.) येनचं तसं नाही, तो कशालाच बांधलेला नाही आणि मधल्या काही वर्षांत तो रुपयापेक्षाही जोरात आपटलाय.

ऑगस्ट २०२० मध्ये डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता आणि १०० येनचे साधारण ७० रुपये यायचे. जुलै २०२४ मध्ये डॉलर साडेत्र्याऐंशीला गेला, म्हणजे पेपरच्या भाषेत रुपयाची "घसरगुंडी" झाली, आणि आमच्या १०० येनचे किती? ५२. रुपया पडला तरी आमचे रुपये कमी झाले, कारण येन त्याच्याही खाली गेला, आणि ही गोष्ट गावाकडे समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस आलाय, लोकांना वाटतं हा पैसे द्यायला नको म्हणून कारणं सांगतोय!

हप्त्याचं बघा. वाकड-हिंजवडीकडच्या टू बीएचकेला महिना ५० हजारांचा ईएमआय काही नवीन नाही. २०२० च्या रेटने तो भरायला ७१ हजार येन लागायचे, जुलै २०२४ मध्ये तोच हप्ता ९६-९७ हजार येनला पडायला लागला. बँकेने मधे व्याज वाढवलं ते वेगळंच, ते तर यात धरलेलंच नाही. फ्लॅट तोच, बिल्डर तोच, लिफ्ट अजून बंद ती पण तशीच, आणि पगारातून दर महिन्याला २५ हजार येन जास्त जायला लागले. वर इथे पण महागाई, कारण जपान तेल आणि गॅस जवळपास सगळा बाहेरून आणतो, येन पडला की विजेचं बिल वाढतं, आणि आपली तूरडाळ, आटा, मसाले तर सगळे आयातच, निशी-कासाईच्या देशी दुकानात पिशवी उचलली की किंमत बघून परत ठेवावीशी वाटते. पगार मात्र इथे वर्षानुवर्षं जागचे हलत नव्हते, २०२४ च्या वसंतात कामगार संघटनांशी होणाऱ्या पगारवाढीच्या वाटाघाटीत मोठ्या कंपन्यांनी सरासरी ५ टक्क्यांच्या वर वाढ दिली तर ती ३३ वर्षांतली सगळ्यात मोठी म्हणून बातमी झाली, यावरून काय ते समजा. आणि १०० ला ७० चे ५२ झाले म्हणजे पाव हिस्सा गेला, ५ टक्क्यांनी काय होतंय.

निशी-कासाई म्हणजे टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग, २००० च्या सुमारास वायटूकेच्या (२००० साल लागताना कॉम्प्युटर गडबडतील म्हणून करायच्या दुरुस्तीच्या) कामासाठी आलेले आपले लोक इथे राहायला लागले आणि मग वाढतच गेले. आपल्या पुण्याचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले, तेव्हा तुमच्याकडे पण छापून आलं असेल. तर इथून टोझाई लाइनला ऑफिसला जाताना सकाळी दोन मराठी माणसं भेटली की हवापाण्याच्या आधी रेट निघतो. जुलै २०२४ मध्ये असं चालायचं: "आज किती?" "पॉइंट फाइव्ह टू." "मग थांबतो." "अरे थांबून थांबूनच सेव्हनचा फाइव्ह झाला ना." पॉइंट फाइव्ह टू म्हणजे एका येनला बावन्न पैसे. ज्यांच्या घरी पैसे पाठवायची घाई नाही ते थांबू शकतात, ज्यांचा ५ तारखेला हप्ता कापला जातो तो काय थांबणार.

हे का झालं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर परत कोणीतरी म्हणेल जपान बुडाला. अमेरिकेने मार्च २०२२ पासून व्याजदर वाढवत नेले, जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर, आणि बँक ऑफ जपानचा, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेचा, दर मार्च २०२४ पर्यंत शून्याच्याही खाली होता. मग जगभरातले मोठे गुंतवणूकदार इथे जवळपास फुकटात येन उचलायचे, विकून डॉलर घ्यायचे आणि तिकडे व्याज खायचे. येन विकायला रांग, घ्यायला कोणी नाही, जुलै २०२४ च्या सुरुवातीला एका डॉलरला १६१ येन. सरकारने मधे अब्जावधी डॉलर ओतून येन विकत घेतला तरी तो परत खाली.

आणि मग ३१ जुलै २०२४ ला बँक ऑफ जपानने दर वाढवून पाव टक्का केला, फक्त पाव टक्का, तिकडे अमेरिकेचे आकडे पण खराब आले आणि ५ ऑगस्टला निक्केई, म्हणजे इथला शेअर निर्देशांक, एका दिवसात ४,४५१ अंकांनी कोसळला, अंकांच्या हिशोबात तोवरची सगळ्यात मोठी पडझड. येन मात्र डॉलरला १६१ वरून १४२-१४३ ला येऊन मजबूत झाला आणि आमचे १०० येनचे ५२ रुपये महिन्याभरात ५८-५९ झाले. ज्याने जुलैत फ्लॅटच्या बुकिंगसाठी २० लाख येन पाठवले त्याला १० लाख ४० हजार मिळाले, चार आठवडे थांबला असता तर पावणेबारा लाखांच्या आसपास. यात कोणाची हुशारी नाही की मूर्खपणा नाही, बिल्डरने तारीख जुलैची दिली होती एवढंच. माझं म्हणणं हेच आहे, कमी रेट असला तरी माणूस एकवेळ जुळवून घेतो, पण जो रेट महिन्याभरात १२-१३ टक्के हलतो त्याच्यावर प्लॅन काय करणार, कपाळ?

परत यायच्या प्लॅनचं तर विचारूच नका. समजा कोणी पोटाला चिमटा काढून १ कोटी येन साठवले. २०२० मध्ये त्याचे ७० लाख होते, म्हणजे पुण्यात बरं घर. जुलै २०२४ मध्ये ५२ लाख, आणि तोवर पुण्यातली घरं कुठे गेली ते तुमच्याच पुरवणीत छापून येतं. डिसेंबर २०२५ मध्ये ५७-५८ चालला होता. जपान सोडल्यावर इथल्या पेन्शनमधले काही पैसे एकरकमी परत मागता येतात, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, तर तो पण हिशोब येनमध्येच, रुपये किती ते त्या दिवसाचा रेट ठरवणार. लोक सांगतात एनआरईला (अनिवासींच्या रुपयातल्या खात्याला) एफडी कर, व्याजावर भारतात टॅक्स नाही. खरं आहे, पण त्यासाठी आधी येनचे रुपये करावे लागतात आणि घोडं तिथेच अडतं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत-जपानचं ठरलं की पाच वर्षांत ५० हजार कुशल आणि अर्धकुशल भारतीय जपानला जाणार. चांगलंच आहे. पण तेव्हापासून तुमच्या जिल्हा पानांवर ज्या जाहिराती दिसतात त्यात "जपानमध्ये केअरगिव्हर (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे), महिना दीड लाख पगार" असं रुपयांत लिहिलेलं असतं. कुठल्या रेटने दीड लाख? पगार समजा २ लाख येन धरला, तर ७० च्या रेटने १ लाख ४० हजार होतात आणि ५२ च्या रेटने १ लाख ४ हजार, आणि हे टॅक्स, विमा, पेन्शन, भाडं कापायच्या आधीचे. बीड-लातूर-यवतमाळकडची पोरं-पोरी भाषेच्या क्लाससाठी, परीक्षेसाठी, एजंटसाठी कर्ज काढतात, ते कर्ज रुपयांत, फेड रुपयांत, कमाई येनमध्ये. केअरगिव्हरला ज्या व्हिसावर आणतात त्याची पहिली पायरी एकूण पाच वर्षांची असते आणि त्यात घरच्यांना आणता येत नाही. त्या पाच वर्षांत येन ७० असेल की ५२ हे कोणीच सांगू शकत नाही, बँक ऑफ जपान पण नाही, त्यांनी १९ डिसेंबर २०२५ ला दर पाऊण टक्का केला, तेव्हा ३० वर्षांतला सगळ्यात जास्त, तरी येन वर जायचं सोडून अजून खालीच सरकला.

म्हणून दोन विनंत्या. एक, अर्थपानावर डॉलरच्या शेजारी पौंड, युरो आणि १०० येनचा रेट पण रोज छापत जा, दोन ओळींची जागा लागते, राशिभविष्य अर्धा कॉलम खातंच की. दुसरी, परदेशातल्या नोकरीची जाहिरात घेताना पगार तिथल्या चलनात आणि कापून हातात किती येतो ते लिहायला लावा. रुपये किती होतात ते पोरं मोबाईलवर बघतील, त्यांना येतं ते.

आपला,
एक वाचक, निशी-कासाई, टोकियो