मत न देणे हा नाव वगळण्याचा आधार नसावा

मा. सेक्रेटरी ऑफ स्टेट, ओहायो राज्य, कोलंबस यांस,

सादर नमस्कार.

मृत किंवा राज्य सोडून गेलेल्या मतदारांची नावे यादीतून काढलीच पाहिजेत, याविषयी माझे दुमत नाही. अमेरिकेच्या 1993च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्याने ती जबाबदारी राज्यांवरच टाकली आहे. माझा आक्षेप ओहायोत 1994 पासून चालत आलेल्या पद्धतीला आहे. दोन वर्षे मत न देणाऱ्याने घर बदलले असावे असे गृहीत धरून त्याला एक कार्ड पाठवले जाते, आणि त्याने उत्तर दिले नाही व पुढील चार वर्षांत मतही दिले नाही, तर त्याचे नाव वगळले जाते. केवळ मत दिले नाही म्हणून कोणाचेही नाव काढू नये, असे हाच कायदा सांगतो. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ही पद्धत वैध ठरवली, हे खरे. परंतु ती चालू ठेवलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितलेले नाही.

या निकालाशी असहमत असलेले न्यायमूर्ती ब्रायर यांनी आपल्या भिन्नमतात दिलेले आकडे मला अस्वस्थ करतात. 2012 मध्ये राज्यातील सुमारे 80 लाख नोंदणीकृत मतदारांपैकी जवळजवळ 15 लाखांना अशी कार्डे गेली. सुमारे 60 हजारांनी घर बदलल्याचे कळवले, 2 लाख 35 हजारांनी आम्ही इथेच आहोत असे कळवले, आणि 10 लाखांहून अधिक जणांनी काहीच कळवले नाही. देशात वर्षभरात आपली काउंटी (जिल्हा) सोडून जाणारे लोक मात्र सुमारे 4 टक्केच असतात. म्हणजे त्या कार्डाला उत्तर न देणारे बहुसंख्य लोक आपापल्या घरीच होते. याच निकालाशी असहमत असलेल्या न्यायमूर्ती सोटोमायर यांनी ओहायोतील सिनसिनाटी शहराचे उदाहरण दिले आहे: शहराच्या मध्यभागातील कृष्णवर्णीय वस्त्यांत 10 टक्के मतदार वगळले गेले, तर उपनगरातील एका गौरवर्णीय वस्तीत 4 टक्के.

2019 मध्ये आपल्या कार्यालयाने वगळायची यादी आधीच खुली केली, याबद्दल मी मनापासून आभार मानते. सुमारे 2 लाख 35 हजार नावांच्या त्या यादीतील जवळपास 40 हजार नावे चुकीने आली असल्याचे नागरिक संस्थांनी तपासून दाखवले. यादी खुली केली नसती, तर त्या चुका कोणी शोधल्या असत्या?

2014च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात अनेकांना मतदान केंद्रावर गेल्यावरच आपले नाव यादीत नसल्याचे समजले होते, त्यामुळे हे दुःख आम्हा मराठी माणसांना परके नाही. मात्र भारतात मत न देणे हे नाव काढण्याचे कारण नाही. इथे ओहायोत आमच्यापैकी अनेक नवे नागरिक फक्त अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत देतात, आणि दोन वर्षांचा निकष नेमका त्यांनाच गाठतो. ओहायोत नोंदणी मतदानाच्या 30 दिवस आधी बंद होत असल्याने, मतदानाच्या दिवशी चूक कळूनही उपाय उरत नाही. शेजारच्या मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते.

म्हणून माझी विनंती आहे की, टपाल खात्याकडील पत्ताबदल आणि मृत्यूची नोंद यांसारखा प्रत्यक्ष पुरावा असेल तरच नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू करावी, आणि मतदानाच्या दिवशी नोंदणीची मुभा मिळावी यासाठी विधिमंडळाकडे आपण स्वतः शिफारस करावी.

आपली नम्र,
कोलंबस येथील एक मराठी मतदार